पाठ टेकल्याची थाप

हलगी वाजवणाऱ्यांत थोर कोण, असं अर्जुनाला कुणी विचारलं की तो विचार करायला थांबायचाच नाही. कराडचा मौला, असं सांगून मोकळा व्हायचा. मौलाला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण अर्जुनाच्या बोलण्यात त्याचं येणं-जाणं काही बंद पडलं नव्हतं.

आता आवड ज्याची त्याची. कुणाला हलगी फाटेस्तोवर बडवणारा आवडतो. कुणाला गुडघ्यावर बसून, कंबर लचकवून वाजवणारा आवडतो. हल्लीच्या पोरांना मोबाईलच्या कॅमेऱ्याकडं बघून वाजवणारा आवडतो. ही सगळी मंडळी लग्नाच्या वरातीत बरी, असं अर्जुनाचं मत होतं आणि ते तो तोंडावर सांगायचा. कुस्तीच्या मैदानात वाजवायचं म्हणजे निराळं काम. तिथं मौलाची नजर पैलवानांच्या पायांवर असायची. पाय सरकायला लागले की त्याच्या डाव्या हातातली बारीक काडी नुसती कुजबुजायची. पाय रोवले की उजव्या हातातली आखूड काठी बोलायला लागायची. पैलवान दमला असेल तर मौलाच्या हलगीनं त्याच्या अंगात पुन्हा रग भरायची. आणि एकाची पाठ मातीला टेकली, की त्याच क्षणाला एक थाप पडायची आणि हलगी बंद. झाडावर, ट्रॅक्टरवर चढून बसलेल्या लांबच्या माणसांना आखाडा दिसायचा नाही, पण ती थाप ऐकली की त्यांना कळायचं, कुस्ती झाली. पंचांचा हात त्यानंतर वर जायचा.

"वाजवाय कुणालाबी येतं रं," मौला म्हणायचा. "थांबाय आलं पायजे."

अर्जुनाची उमेदीची सगळी वर्षं मौलाशेजारी साथीचा ढोल, म्हणजे घुमकं, वाजवण्यात गेली. आता हलगी अर्जुनाच्या गळ्यात आणि घुमकं मौलाचा मुलगा अजमल याच्या गळ्यात, अशी जोडी होती. यात्रांचे तीन-चार महिने दोघांची घरं त्यावर चालायची.

हिवरवाडीच्या यात्रेत शेवटच्या कुस्तीला घड्याळ लावत नाहीत. तिथली रीतच तशी आहे. हलगी वाजतेय तोवर कुस्ती चालू. पैलवान फारच रेंगाळले आणि हलगी थांबली, तर पंच जोड सोडवतात आणि कुस्ती बरोबरीत. हलगी चालू असताना पंचांनी मध्ये हात घालायचा नाही. घातलाच तर हिवरवाडीची माणसं पंचांना आखाड्यातून चालत बाहेर येऊ देतील, याची खात्री कुणी देत नाही.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष सयाजीराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले. तरुणपणी ते पलटणीच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. सकाळी अर्जुना काडाच्या जाळावर हलगी शेकत बसला होता, तेव्हा ते खुर्ची घेऊन त्याच्याजवळ येऊन बसले आणि आपल्या आवडीच्या वाजवणाऱ्याबद्दल सांगू लागले. त्यांच्या बँडमध्ये एक नाईक होता म्हणे. हजार माणसांची परेड चाललेली असो, बँडमास्तरची काठी खाली आली की ह्याचा हात तिथल्या तिथं थांबायचा. हुकमावर थांबतो तोच खरा वाजवणारा, बाकी सगळे भांडी बडवणारे. अर्जुनाला गंमत वाटली. थांबायला आलं पाहिजे, हे तर मौलाही म्हणायचा. फक्त कुणाच्या सांगण्यावरून थांबायचं, एवढाच काय तो फरक होता.

मग सुभेदार खुर्ची आणखी जवळ ओढून मुद्द्यावर आले. शेवटची कुस्ती त्यांच्या पुतण्याची, वीरधवलची होती. समोर सांगलीच्या तालमीतला अमीर. अमीरला सुभेदारांनी मागच्याच आठवड्यात दुसऱ्या मैदानात बघितलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यांना नीट जेवण जात नव्हतं. स्वतःच्या गावात, स्वतःच्या कमिटीच्या मैदानात पुतण्या चितपट झाला तर तोंड कुठं लपवायचं? तेव्हा कुस्ती अंगाशी आली की आपण टॉवेल उचलू, आणि टॉवेल दिसला की हलगी बंद झाली पाहिजे. आजूबाजूच्या गावांच्या यात्रांत आपल्या शब्दाला किती वजन आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगून ठेवलं.

 अर्जुनानं हलगी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूनं शेकायला धरली.

सुभेदार गेल्यावर अजमलनं हळूच विचारलं, "आवं काका, थांबाय आपलं काय जातंय?"

"आपलंच जातंय," अर्जुना म्हणाला. "कुस्ती त्यांची. थाप आपली हाय."

अजमलला ते पटलं असं त्याच्या तोंडावरून दिसलं नाही.  सुभेदार बोलतात तसं करतात, हे अर्जुनालाही माहीत होतं. एका यात्रेतून हाकललेल्या हलगीवाल्याला पुढच्या चार यात्रांत कुणी ओळख दाखवत नाही.

ऊन उतरायला लागलं आणि शेवटची जोड आखाड्यात उतरली. अमीरला अर्जुना पहिल्यांदाच बघत होता. अंगानं सडपातळ, मानेनं जाड. वीरधवल धिप्पाड, आणि भित्रा तर मुळीच नव्हता. दोघांनी माती लावली, हात मिळवले. अर्जुनानं बारीक काडीनं सुरुवात केली. पाय सरकत होते, अंदाज घेत होते. हलगी कुजबुजत राहिली. मग अमीर खाली झुकला, पट काढायला वीरधवलच्या पायांत शिरला, आणि वीरधवल मातीत पालथा. अमीरनं मागून कब्जा घेतला, मानेवर गुडघा ठेवला आणि त्याला उलटा करायला लागला.

कमिटीच्या खुर्च्यांतून पांढरा टॉवेल वर गेला.

अर्जुनाला तो स्वच्छ दिसला. न दिसायला तो काही आंधळा नव्हता. पुढच्या चार यात्रा त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. शेजारचं घुमकं दोन ठोके चुकलं आणि थांबलं. घुमक्याविना हलगी एकटीच वाजायला लागली, तशी सगळ्या मैदानाची मान त्याच्याकडं वळली. पंच एकमेकांकडं बघायला लागले. सुभेदार उभे राहून शेतातली पाखरं हाकलावीत तसा टॉवेल हलवत होते.

तेव्हा अर्जुनाला राग आला. भीती होती तिथंच राग येऊन बसला आणि भीतीला जागाच उरली नाही. अरे, ह्या आखाड्यात मौला वाजवून गेला. पालथ्या पडलेल्या पैलवानाचे पाय अजून मातीत रुतून जोर लावतायत, तो पोरगा अजून हरलेला नाही, आणि खुर्चीत बसलेला माणूस त्याची कुस्ती संपवणार? अर्जुनानं सुभेदारांकडं सरळ पाठ फिरवली आणि आखूड काठी पूर्ण जोरानं चालवायला घेतली.

वीरधवलनं ती ऐकली असेल, नसेल. पण त्यानं गुडघे पोटाखाली घेतले, कंबरेला झटका दिला आणि अमीरच्या कब्जातून सुटून तो उभा राहिला. मैदान उसळलं. टोप्या उडाल्या. आणि गंमत अशी की टॉवेल सुभेदारांच्या खांद्यावर परत गेला. पुतण्या उभा राहिलेला दिसताच त्यांना बरोबरी नकोशी झाली.

शेजारी घुमकं पुन्हा बोलायला लागलं. अर्जुनानं वळून बघितलं नाही. अजमल मान खाली घालून वाजवत होता, आणि वाजवत होता ते मात्र बापासारखं.

वीरधवल आता पुढं घुसत होता. अमीर मागं हटत होता. एक पाय, दुसरा पाय. अर्जुनाला अमीरची टाच वळलेली दिसली आणि डाव येतोय हे त्यानं ओळखलं. अमीरनं ढाक लावली. वीरधवलचा एवढा मोठा देह त्याच्या कंबरेवरून गेला, वरून खाली आला, आणि पाठ मातीला टेकली.

थाप पडली. हलगी बंद.

ट्रॅक्टरवरच्या माणसांनी आरोळी ठोकली. पंचांचा हात वर गेला. सुभेदार मात्र खुर्च्या ओलांडून आखाड्यात उतरले. पाठ टेकलीच नव्हती, नुसता खांदा लागला होता, ह्या हलगीवाल्यानं आधीच थाप मारली आणि त्याच्या नादानं पंच फसले, असं ते ओरडून सांगू लागले. कुस्ती पुन्हा लावा, असा त्यांचा हुकूम होता. पंचांचा वर गेलेला हात हळूहळू खाली यायला लागला.

हा घाव अर्जुनाला टॉवेलपेक्षा जिव्हारी लागला. हुकूम मोडला म्हणाले असते तर त्यानं ते कबूल केलं असतं. थाप खोटी पडली, हे तो ऐकून घेणार नव्हता. तो पुढं सरकला, पण त्याच्या आधी वीरधवल मातीतून उठला. त्याच्या पाठीवर मानेपासून कंबरेपर्यंत तांबडी माती चिकटली होती. त्यानं चुलत्याकडं पाठ केली आणि ती सगळ्या मैदानाला दाखवली.

"टेकली, तात्या," तो म्हणाला. "आन मगच थाप पडली. आदी न्हाई, मागनं न्हाई."

एवढं बोलून त्यानं स्वतःच अमीरचा हात धरून वर केला.

 ज्या सुभेदारांनी सगळं तरुणपण बँडचा ठेका मोजण्यात घालवलं, त्यांना ती थाप कुठं पडली हे कळलं नसेल, असं अर्जुनाला वाटेना. पण कळणं निराळं आणि कबूल करणं निराळं. ते अर्जुनाजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले की पुढच्या वर्षी ह्या मैदानाचं तुला बोलावणं येणार नाही.

जिंकलेल्या पैलवानाला हलगीच्या मागं आखाड्याभोवती फिरवायची तिथली रीत आहे. अमीर गदा खांद्यावर घेऊन वाट बघत उभा होता. अजमलनं घुमक्याचा पट्टा गळ्यात सारखा केला.

"बोलवू नगा, सुबेदार," अर्जुना म्हणाला. "मी यीन."

आणि सुभेदारांच्या खुर्चीसमोरूनच त्यानं फेरीला सुरुवात केली.