आधी जेवण, मग ठिबक

कोणताही कार्यक्रम मुळात विचारांच्या देवाणघेवाणीसाठी असतो. हे वाक्य शिवांजलीच्या वहीत पहिल्या पानावर होतं, कारण इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी विश्वजीत सरांनी ते उभं राहून सांगितलं होतं. मग सर बसले आणि म्हणाले, "आता खरं लिहून घे. जेवणाचा वास आला पाहिजे, पण ताट दिसता कामा नये. ताट दिसलं की माणूस गेला."

तिनं तेही लिहून घेतलं.

सर सांगलीतल्या एका ठिबक सिंचनाच्या कंपनीचे मार्केटिंग प्रमुख. शिवांजली उंब्रजची, सुभेदार होऊन निवृत्त झालेल्या लालासाहेबांची थोरली. एमबीएसाठी दोन महिने तिला या कंपनीत काढायचे होते. दीड महिन्यात ती बरंच शिकली. पाहुणे मोजून फेटे आणायचे आणि वर दोन जादा ठेवायचे, कारण ऐनवेळी दोन माजी पदाधिकारी उगवतातच. समईला वारा लागतो, तेव्हा काडेपेट्या तीन न्यायच्या. प्रास्ताविक करणाऱ्याच्या हातून माइक सोडवायला वयानं मोठा माणूस लागतो. कॉलेजच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. तिथं फक्त ग्राहक होता, आणि तो कधी फेटा मागत नव्हता.

शेवटच्या पंधरवड्यात सरांनी तिच्यावर एक अख्खा मेळावा सोपवला. कुंडलच्या पुढचं गाव, ऊसकरी शेतकरी, सुकुमार पाटलांच्या दारातला मांडव.

"प्रात्यक्षिक झाल्यावर ठिबकच्या मागणीचे दोनशे फॉर्म भरून दाखव. कंपनीत एक जागा आहे, ती तुझी," सर म्हणाले. "नाहीतर सर्टिफिकेटवर मी 'उपस्थित होती' एवढंच लिहीन."

कंपनीचे मेळावे आजवर सकाळी अकराला होत. त्या वेळी शेतकरी रानात असतो, हा शोध शिवांजलीनं लावला आणि वेळ बदलली. संध्याकाळी पाचला स्वागत, मग सत्कार, भाषण, ठिबकचं प्रात्यक्षिक आणि साडेसातला जेवण. सर खूश झाले. गावात निम्म्याहून जास्त घरं जैनांची, म्हणून कांदा, लसूण, बटाटा बंद, हेही तिनंच आचाऱ्याला बजावलं. घरी फोन करून तिनं सांगितलं, "आबा, मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय."

डिसेंबर होता. मेळाव्याच्या दिवशी दुपारी तीनला सुकुमार पाटलांची आई, आक्काताई, काठी टेकत मांडवात आल्या. वय पंचाहत्तर, आवाज पंचविशीतला.

"पोरी, जेवान कवा हाय?"

"साडेसातला, आक्का. सगळं बिनकांद्या-लसणाचं."

"लय चांगलं केलंस. आनी आमी कवा जेवायचं?"

"तुम्हीपण तेव्हाच की."

आक्काताईंनी मावळतीकडं पाहिलं. म्हणून शिवांजलीनंही पाहिलं. तिकडं सूर्य होता.

"दिस बुडल्यावर आमी जेवत न्हाई गं," आक्काताई म्हणाल्या. "आमच्यातली म्हातारी तर पानीबी पीत न्हाईत."

शिवांजलीनं मोबाइल काढला. सूर्यास्त सहा वाजून चार मिनिटांनी. म्हणजे सरांचं भाषण रंगात आलं की अर्धा मांडव घरी जेवायला उठणार, आणि उरलेला अर्धा त्यांच्या मागून. तिचे डोळे भरले.

"रडतीस काय? सूर्याला थांब म्हनता येत न्हाई. तुझ्या सायबाला येतंय."

"पण आधी पंगत झाली तर माणसं जेवून निघून जातील, आक्का. मग फॉर्म नाहीत, नोकरी नाही."

"जात्याल का ऱ्हात्याल, मला ठाव न्हाई. उपाशी बसायची न्हाईत, येवढं ठाव हाय. पाचला पंगत बसव."

आचारी ज्ञानू कढईमागून ओरडला, "आवं आक्का, चारशे चपात्या ऱ्हायल्यात! पाचला कशा व्हनार?"

"तू खिरीकडं बघ रं."

आक्काताईंनी गल्लीत निरोप धाडला. वीस मिनिटांत अकरा बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर झाल्या. शिवांजलीही लाटायला बसली. तिच्या दोन चपात्या बघून आक्काताईंनी तिला पाणी भरायला पाठवलं.

पावणेपाचला पत्रावळ्या मांडल्या गेल्या, तेव्हा सुकुमारराव चक्रावले. "आई, वेळ कुनी बदलली?"

"ह्या पोरीनं. आपला दिस बुडायचा इचार केला तिनं. तुझ्या ध्यानात आलं व्हतं का?"

सुकुमाररावांच्या आलं नव्हतं. ते शिवांजलीकडं आदरानं बघून गेले. ती घागर हातात धरून तशीच उभी राहिली. कंपनीत तिनं श्रेय खालून वर जाताना रोज पाहिलं होतं. वरून खाली येताना पहिल्यांदाच पाहत होती.

साडेपाचला सरांची गाडी आली. मांडवात खपली गव्हाच्या खिरीची दुसरी फेरी चालली होती.

"शिवांजली, ताटं दिसतायत."

"हो सर. त्यात जेवणही आहे."

"मग संपलं. आता हे हात धुणार आणि गाडीला किक मारणार."

सहाच्या आत हात धुऊन झाले. मोटारसायकली रस्त्याला लागूनच उभ्या होत्या. शिवांजली फॉर्मचा गठ्ठा छातीशी धरून त्यांच्याकडंच बघत होती. एक म्हातारबाबा गाड्यांजवळ गेले. तिथं त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, आणि परत येऊन पहिल्या रांगेत बसले. मग बाकीचे आले. खुर्च्या भरल्या, सतरंजी भरली.

स्वागत झालं, सत्कार झाले, जादा आणलेले दोन्ही फेटे लागले. श्रोते हलत नाहीत म्हटल्यावर सरांना जोर चढला. त्यांनी परदेशातल्या अभ्यासदौऱ्याचे बासष्ट फोटो दाखवले. माणसं बसली. प्रात्यक्षिकात पाइप दोनदा निसटला. माणसं बसली, वर प्रश्न विचारले. साडेआठला शिवांजलीच्या हातात दोनशे चौदा फॉर्म होते.

सोमवारी सरांनी संचालकांपुढं आपलं नवं 'फूड फर्स्ट मॉडेल' मांडलं आणि ते सगळ्या तालुक्यांसाठी मंजूर झालं. शिवांजलीला नेमणूकपत्र मिळालं. ते घेऊन ती आधी उंब्रजला न जाता आक्काताईंकडं गेली आणि पाया पडली. फोटोसाठी पडतात तशी नव्हे, कपाळ टेकून.

"आक्का, तुमच्यामुळं झालं. जेवल्यावर कोण थांबतं हो? तुमच्या शब्दाखातर माणसं थांबली."

आक्काताईंनी पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, डोळ्यांना लावलं आणि तिच्या हातावर लाडू ठेवला.

"माझा शबूद घरातबी कोन ऐकत न्हाई, पोरी. त्या आठवड्यात शेतीची लाईट रातच्या धा वाजता येत व्हती. मोटर सुरू करायला जागं ऱ्हायचं व्हतंच."