काळ्या कोटांमागे

मासानोरीने आपला कोल्ड स्टोरेजमधला कोट लेकीच्या अंगावर चढवला, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. कोझुए कोटात पार बुडाली होती. बाह्यांतून बोटं दिसत नव्हती आणि कोटाची किनार गुडघ्यांच्या खाली आली होती.

"हात वर कर," तो म्हणाला.

तिने केले. कोट वर गेला, हात आतच राहिले.

जुन्या कपड्यांच्या त्या दुकानात शनिवारी सकाळी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मालकीण हिसाए मावशी गल्ल्यामागे रॉकेलच्या शेगडीवर रताळी भाजत बसली होती. तिने मान वर करून एकदा बापलेकीकडे पाहिलं आणि रताळं उलटलं.

मासानोरीचं म्हणणं साधं होतं. हिला अंगावर हवं तेवढं वजन आणि ऊब आधी आपल्या कोटाने ठरवायची, मग त्याच्या तोडीचं काहीतरी शोधायचं. अख्ख्या याइझू गावात थंडी आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळते, असं त्याला मनातून वाटायचं आणि ते खोटंही नव्हतं. चोवीस वर्षं तो बंदरावरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, उणे साठ अंशांत, टूना मासे रचत आला होता. त्याचा जोडीदार शिगेमात्सु काल चिडवत म्हणाला होता की पोरीला माशासारखी गुंडाळून पाठवू नकोस, शाळेतली मुलं हसतील. मासानोरीने ते मनावर घेतलं नव्हतं.

सहल शाळेची होती. माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाची मुलं जानेवारीच्या शेवटी तीन दिवस नागानोच्या डोंगरात स्की शिकायला जातात. स्की आणि बूट तिकडे मिळतात; सूट, हातमोजे, टोपी, गॉगल ज्याने त्याने आणायचे. तीन दिवसांसाठी नवाकोरा सूट घ्यायचा आणि पुढच्या वर्षी पोर चार बोटं वाढली की कपाटात कोंबायचा, हे कोणाही शहाण्या माणसाला पटू नये. शिवाय याइझूत बर्फ पडत नाही. म्हणून हे दुकान.

खरं तर ही खरेदी त्याची नव्हतीच. ती त्याची बायको तामियो करणार होती. ती उत्तरेतल्या आकिताची, पाऊल टाकायला शिकली तेव्हाच पायात स्की चढलेली. लेकीची पहिली सहल आली की कपडे मी निवडणार, असं तिने सांगून ठेवलं होतं. तामियो जूनमध्ये गेली. सुतकाचं वर्ष म्हणून नववर्षाला घरात एकही शुभेच्छापत्र आलं नाही, आणि वर्षअखेरीच्या रात्री बापलेक टीव्हीसमोर मुकाट्याने शेवया खाऊन झोपून गेले.

सहलीचा कागद कोझुएने परवा त्याच्यापुढे सरकवला तेव्हा 'येणार नाही' या शब्दांभोवती तिने आधीच पेन्सिलीने गोल काढलेला होता. मासानोरीने खोडरबर मागितलं. कागद सोमवारी परत द्यायचा होता. एवढी एक गोष्ट तरी आपल्या हातून बिघडू द्यायची नाही, असं त्याने ठरवलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. जूनपासून त्याला फारसं काही सांगताच येत नव्हतं. अंत्यविधीला लोक म्हणाले, काय खंबीर माणूस आहे. खंबीर कसला. त्याला काही लागतच नव्हतं. जेवण, झोप, रेडिओवरची गाणी, सगळं कुठूनतरी लांबून येत होतं आणि दारातूनच परत जात होतं.

कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्यांची एक रीत आहे. दर खेपेला बाहेर आलं की जोडीदार विचारतो, "बोटं?" मग मोजे काढून अंगठा एकेका बोटाला टेकवून दाखवायचा, थेट करंगळीपर्यंत. तो पुढे विचारतो, "दुखतंय?" दुखत असेल तर ठीक, बोटांत जीव परत येतोय. दुखत नसेल तर शेगडीपाशी बसायचं, पुन्हा आत जायचं नाही. कोझुए लहान होती तेव्हा तो कामावरून आला की दारातच ती त्याचा हात धरून ही तपासणी करायची आणि तो खोटंखोटं विव्हळायचा. हा खेळ मोठेपणीही चालू राहिला होता. जूनपासून बंद होता.

"भाऊ, हा कोट कशाला आणलात?" शेवटी हिसाए मावशीने विचारलं.

त्याने सांगितलं.

"बर्फात कधी गेलायत?"

"मी उणे साठमध्ये काम करतो, मावशी."

"ते कोरडं. बर्फ ओला असतो," मावशी म्हणाली. "पोरगी पहिल्या दिवशी शंभरदा पडणार. तुमचा हा कापूस पाणी पिऊन बसला की झालं. संध्याकाळी टूनाच घरी आणाल."

मासानोरीने लेकीच्या गळ्याची चेन उघडली आणि कोट काढून घेतला. बर्फ ओला असतो हे कोणाला माहीत नसतं? त्यालाही माहीत होतं, पण हातांना माहीत नव्हतं. आकिताला तो नेहमी ऑगस्टमध्ये जायचा, पितरांच्या दिवसांत. हिवाळा म्हणजे कामाची घाई. तामियो दर वर्षी म्हणायची, एकदा जानेवारीत चला, आमचं गाव खरं बघा. तो म्हणायचा, पुढच्या वर्षी.

आता तो पुढच्या दांड्याशी जाऊन नेटाने सूट बघू लागला. कापड चिमटीत चोळलं, आतल्या बाजूने फुंकर मारून हवा पलीकडे जाते का ते पाहिलं, शिवणी उलटून पाहिल्या. एक हिरवा सूट त्याला पसंत पडला. जाड होता, गुळगुळीत होता, मनगटांशी घट्ट होता. तो दाखवायला वळला तर कोझुए जागेवर नव्हती.

ती दुकानाच्या पार मागे गेली होती, जिथे पुरुषांचे अंत्यविधीला घालायचे काळे कोट दाटीवाटीने टांगलेले होते. तिथून ती हातात जांभळा सूट घेऊन आली. खांद्यांवर पिवळे पट्टे, कमरेचं इलॅस्टिक सैल पडलेलं.

"हा," ती म्हणाली.

"हा कुठल्या जमान्यातला?" त्याने कापड चिमटीत धरलं. "आत काहीच नाही, बघ. पातळ आहे."

"मला होतो."

"घालून तरी बघ आधी."

"बघितलाय."

कधी, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. त्याने हिरवा सूट तिच्या खांद्यांना लावला, बाह्यांची लांबी पाहिली आणि हाच घ्यायचा असं सांगितलं. त्याचा आवाज चढला नव्हता. कोझुएने जांभळा सूट छातीशी धरला होता, तो तसाच राहिला.

"मग मला जायचं नाही," ती म्हणाली. हट्टाने नाही, बाहेर वारा सुटलाय असं सांगावं तशी.

म्हणजे हेही बिघडलं, मासानोरीला वाटलं. त्याला राग येत नव्हता, वाईटही वाटत नव्हतं. हिरवा सूट हातात धरून तो नुसता उभा राहिला.

हिसाए मावशी गल्ल्यामागून उठून आली. ती मुलीकडे बघून म्हणाली, "मग आज परत मागे नेऊन टांगणार का, पोरी?"

कोझुए खाली बघू लागली.

मावशीने मग मासानोरीला सगळं सांगितलं, तेही कपड्यांचे हँगर सारखे करता करता. ही पोर नोव्हेंबरपासून दर बुधवारी शाळा सुटल्यावर येते. मावशी हा सूट पुढच्या दांड्यावर टांगायची, ही गुपचूप मागे काळ्या कोटांमागे नेऊन ठेवायची. तिथे कोण बघायला जातंय? हल्ली तरुण पोरांना जुन्या फॅशनचं वेड आहे, दोघांनी विचारलाही. विकला गेला म्हणून मावशीने त्यांना वाटेला लावलं. नंतर नंतर तिने पुढे टांगणंच सोडून दिलं.

"पण हा इथे आला कुठून?" मासानोरीने विचारलं.

"तुम्हीच आणलात की, भाऊ. ऑक्टोबरात. बारा पिशव्या."

पिशव्या त्याला आठवल्या. एका रविवारी त्याने तामियोचं कपाट रिकामं केलं होतं, कामावरचे जाड मोजे घालून. का घातले होते कोण जाणे. घड्या उलगडल्या नाहीत, खोकी उघडून पाहिली नाहीत, भरलं आणि गाठी मारल्या. जेवायच्या आत काम उरकलं याचं त्याला तेव्हा समाधानही वाटलं होतं. कोझुए त्या दिवशी तिच्या खोलीत होती. तिला विचारायला हवं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्याने हिरवा सूट दांड्यावर ठेवला आणि जांभळा हातात घेतला. कॉलरच्या आत कापडाची पट्टी शिवलेली होती. तिच्यावरची शाई फिकी पडली होती, पण वाचता येत होती. कुदो तामियो, दुसरं वर्ष, क तुकडी. कुदो हे तिचं माहेरचं नाव.

"मागच्या हिवाळ्यात आईने दाखवला होता," कोझुए म्हणाली. "तुम्ही कामावर होतात. ती म्हणाली, दुसऱ्या वर्षाला गेलीस की अगदी बरोबर बसेल."

"मग घरी का नाही घेऊन आलीस? मावशीने दिला असता."



"तुम्ही परत पिशवीत भरला असता," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. जे होण्यासारखं होतं ते तिने सांगितलं. ती खरं बोलत होती. मासानोरीच्या अंगठ्याखाली नावाची पट्टी होती. तो अंगठा तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवत राहिला.

मावशीने कामाचं तेवढं सांगितलं. याच्यावर पाणी अडवणारा फवारा दोनदा मारा, वाळू द्या, पुन्हा मारा. आत लोकरीचा स्वेटर, कमरेला नवं इलॅस्टिक. मग मुलगी कितीही पडू दे. तिने हातमोजे आणि टोपी शोधून दिली, सूट कागदात गुंडाळला आणि वर एक भाजलेलं रताळं ठेवलं.

बाहेर ऊन होतं आणि बंदरावरून वारा येत होता. मासानोरी गाडीत बसला. त्याने किल्ली लावायचा प्रयत्न केला, ती भोकात जाईना. दुसऱ्यांदाही जाईना. त्याने हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

शेजारी कोझुए मांडीवर पुडकं घेऊन बसली होती.

"बाबा," ती म्हणाली. "बोटं?"

त्याने उजवा हात वर केला. अंगठा पहिल्या बोटाला लावला, मग मधल्याला, मग तिसऱ्याला. करंगळीपाशी अंगठा टेकेना. तिने तो स्वतःच्या हातांनी टेकवला.

"दुखतंय?"

"हो," मासानोरी म्हणाला. "फार."

"मग ठीक आहे," कोझुए म्हणाली. तिने रताळं मधोमध मोडलं आणि मोठा तुकडा त्याच्या हातात दिला.