लोणारच्या बाटल्या

बाटली काम करत होती, पण बाटलीतलं कुणीच काम करत नव्हतं. अदीबाची सगळी पंचाईत एवढीच होती, आणि ती तिला कुणालाच नीट समजावून सांगता येत नव्हती.

अदीबा देऊळघाटची. विद्यापीठात औद्योगिक जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला. घरी हे नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. तिचे अब्बा शिलाईकाम करत. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते सांगत, "पोरगी जंतूंले कामाले लावते." आणि ते खोटं नव्हतं. एखाद्या जंतूत उपयोगाचं एन्झाइम तयार होत असेल तर तो जंतू शोधायचा, ते एन्झाइम बनवणारा जीन त्यातून काढायचा, भराभर वाढणाऱ्या दुसऱ्या जंतूत बसवायचा, आणि मोठमोठ्या टाक्यांत ते एन्झाइम पिकवायचं. चीज, कातडं, कपडे धुण्याची पावडर, सगळीकडे ते लागतं. वर्षभर वर्गात हेच चालायचं.

तिच्या प्रकल्पाचा विषय होता लोणारच्या सरोवराचं पाणी. ते इतकं खारं आणि क्षारी, की त्यात जगणारा जंतू साबणाच्या पाण्यातही मजेत राहील. अशा जंतूचं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम सापडलं तर ते धुलाईच्या पावडरीला फार चालतं. वनखात्याची परवानगी निघाली तशी अदीबा सुलतानपूरला मामूंकडे जाऊन राहिली. सोबत काचेच्या छोट्या बाटल्या होत्या, प्रयोगशाळेत वाफेवर निर्जंतुक केलेल्या, चंदेरी कागदात गुंडाळलेल्या. दुसऱ्या दिवशी विवरात उतरून तिने स्वतःच्या हातांनी त्या भरल्या.

तपासणी साधी होती. दूध घातलेल्या पांढऱ्या प्लेटमध्ये बारीक खड्डे पाडायचे, खड्ड्यात थेंब सोडायचा. थेंबात एन्झाइम असेल तर ते दुधातलं प्रथिन खातं आणि खड्ड्याभोवती काचेसारखं स्वच्छ वर्तुळ उमटतं. लोणारच्या थेंबाभोवती वर्तुळ उमटलं, तेही एवढं मोठं की शेजारच्या टेबलावरची रेवती उठून बघायला आली.

"हे काय बे? तलावात साबणाचा कारखाना हाये का?"

त्याच खेपेच्या निर्जंतुक बाटल्यांपैकी एक प्रयोगशाळेतच ठेवलेली होती. तिच्यात शुद्ध पाणी भरून तपासलं, तर वर्तुळ नाही. म्हणजे बाटलीचा दोष नव्हता. मार्गदर्शक शैलजा मॅडम प्लेट उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या. स्तुती त्यांच्याकडून सहसा होत नसे. त्या दिवशी त्यांनी अदीबाला चहा पाजला.

गोंधळ त्यानंतर सुरू झाला. त्या पाण्यातले जंतू अदीबाने वेगळे केले, प्रत्येकाला वाढवलं, प्रत्येकाला दुधाच्या प्लेटवर बसवलं. एकाही जंतूने वर्तुळ काढलं नाही. खाणं बदललं, मीठ वाढवलं, ऊब कमी केली. जंतू वाढले, पण काम करीनात. मूळ पाण्याचा थेंब मात्र तेवढंच मोठं वर्तुळ काढायचा. पाणी उकळलं की ते थांबायचं, म्हणजे एन्झाइमच होतं. मग ते बनवत कोण होतं?

मॅडमना यात अडचण दिसली नाही, संधी दिसली. "प्रयोगशाळेत न वाढणारा जंतू असणार. नाही वाढला तर नाही. पाण्यातला सगळा डीएनए काढू आणि त्यातून त्याचा जीनच उचलू." खर्च मोठा होता, म्हणून त्यांनी एन्झाइम बनवणाऱ्या एका कंपनीला कळवलं. कंपनीचे लोक अदीबाचं सादरीकरण ऐकायला येणार असं ठरलं. प्रकल्प मंजूर झाला तर त्यावर संशोधन सहायकाची एक जागा निघणार होती. ती कुणाची, हे बोलायची गरज नव्हती. अदीबाच्या शिक्षणाची पुढची सगळी वाट त्या जागेतून जात होती. परीक्षा संपल्यावर देऊळघाटला परतायचं नसेल, तर दुसरी वाट तिला माहीत नव्हती.

"ताजं पाणी आण," मॅडम म्हणाल्या. "जुन्याचा जोर उतरत चाललाय."

जोर खरंच उतरत होता. त्याचाही अर्थ अदीबाला लागत नव्हता. बाटलीतले जंतू तेवढेच जिवंत होते आणि वर्तुळ मात्र दर आठवड्याला लहान होत होतं.

ती पुन्हा सुलतानपूरला गेली. बाटल्यांची पिशवी ओसरीवर ठेवली आणि गफ्फार मामूंच्या मोटरसायकलवरून परवानगीच्या कागदावर सही आणायला लोणारला गेली. परतली तेव्हा अंगणातल्या बाजेवर धुतलेली ओढणी पसरलेली होती, आणि तिच्यावर सगळ्या बाटल्या उलट्या घालून उन्हात ठेवलेल्या होत्या. शेजारी चंदेरी कागदाच्या घड्या, त्यावर दगड.

अदीबाने एक बाटली उचलून पाहिली.

"मुमानी, ह्या कोणी काढल्या?"

"म्या काढल्या. दुसरं कोन हाये घरात?" गौसिया मुमानी, मामूंची बायको, भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून बाहेर आल्या. "वाळल्या का पाह्य. वाळल्या असन तं गुंडाळून देतो, मागच्या बारीसारख्या."

"मागच्या वेळीही धुतल्या होत्या?"

"हाव तं! काऊन? तूच तं सांगतलं होतं फोनवर. तुमच्या तिथी प्लेटीत मेंढीचं रक्त रायते, डुकराच्या पोटातलं काईतरी रायते. म्या म्हनलं, त्या घरातून निघालेल्या बाटल्या माह्या ओसरीवर, पान्याच्या मटक्याजवळ! आधी पाक करून घ्याव."

अदीबाला आठवलं. हसत हसत सांगितलं होतं तिने, मुमानींना दचकवायला.

"पण त्या कागदात बंद होत्या ना..."

"तं कागद फाडला का म्या? जसाच्या तसा गुंडाळला. तुले तरी समजलं काय?"

नव्हतं समजलं. एका घडीला वेगळा मोड दिसला होता, हे तिला आता आठवलं. प्रवासात झाला असेल, असं तेव्हा वाटलं होतं.

"कशानं धुतल्या?"

"पावडरीनं. घटकाभर भिजू घातल्या, मंग तीनदा पानी फिरवलं. नळाले पानी कुठी हाये बेटा, तं घोट घोटच फिरवलं. पन तीनदा." मुमानींनी पिठाची तीन बोटं वर केली. धर्माच्या हिशेबाने पाक, म्हणजे पवित्र, करायचं तर तीनदा धुवायचं, हा त्यांच्या घरचा कधी न मोडलेला नियम.

मामू मोटरसायकल उभी करत म्हणाले, "हिनं धुतलं म्हंजे दवाखान्यात धुत नसतीन असं धुतलं असन. तुह्या मॅडमले सांग, सुलतानपूरच्या बाईनं धुतल्या म्हनून निकाल आला."

मुमानी लाजल्या. पण ते त्यांना खरंच वाटत होतं. भाचीच्या यशात आपलेही हात लागले, हे त्यांनी अर्ध्या नातेवाइकांना कळवलं होतं.

अदीबा मोरीत गेली. पावडरीचा पुडा कोपऱ्यात होता. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एन्झाइमयुक्त. दूध, अंडं, रक्त यांचे डाग मुळापासून. तिने ते दोनदा वाचलं. हे एन्झाइम कसं बनतं ते तिला तोंडपाठ होतं. परीक्षेत आकृतीसकट लिहून आली होती ती.

तरीही मन ऐकेना. पावडरही असेल आणि तलावातही असेल, दोन्ही असू शकतं, असं ती स्वतःला समजावत राहिली. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातल्या दोन बाटल्या मुमानींच्या हाती लागल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी एकाच काठावर, एकाच वाकण्यात, तिने धुतलेल्या बाटल्याही भरल्या आणि न धुतलेल्याही. एक धुतलेली बाटली तशीच रिकामी ठेवली.

सादरीकरणाच्या सकाळी तिने प्लेट उघडली. न धुतलेल्या बाटलीतल्या लोणारच्या पाण्याने काहीच केलं नव्हतं. धुतलेल्या बाटलीतल्या पाण्याने मोठं वर्तुळ काढलं होतं. आणि रिकाम्या ठेवलेल्या धुतलेल्या बाटलीत तिने शुद्ध पाणी घातलं होतं, ज्यात जंतूच काय, मिठाचा कणही नव्हता. त्या पाण्यानेही दूध खाल्लं होतं.

रेवती शेजारी उभी राहून बघत होती. तिला सगळं सांगून झालं होतं.

"आता?" रेवती म्हणाली.

"मॅडमना सांगते."

"मॅडम पाहुण्यांसोबत हॉलमध्ये हायेत. आणि सांगू नको ना बे लगेच. आज जुनं दाखव. जागा मिळू दे. मंग दोन महिन्यांनी म्हण, ताज्या पाण्यात दिसत नाई. तलावाचं पाणी बदलतंच राह्यते. यात खोटं काय हाये?"

अदीबाने विचार केला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. ताज्या पाण्यात खरंच दिसत नव्हतं. पाणी खरंच बदलत असतं. कुणी पकडणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर काय सांगायचं? मुमानींनी घाण केली? त्यांनी तर घाण काढली होती. बाटल्या त्यांच्या लेखी आधी नापाक होत्या, धुतल्यावर पाक झाल्या. तिच्या लेखी आधी शुद्ध होत्या, धुतल्यावर बिघडल्या. दोघीही नियमाने वागल्या होत्या. मग चूक कुणाची, हे तिला हॉलच्या दारापर्यंत ठरवता आलं नाही.

ती बोलायला उभी राहिली. पहिल्या चित्रात तेच देखणं वर्तुळ होतं. कंपनीच्या दोघांपैकी टक्कल असलेले गृहस्थ पुढे सरकून बसले. मॅडमनी मान हलवून तिला धीर दिला. नेमकं ते बघून अदीबाला पुढचं वाक्य बोलवेना. या मॅडम उद्या याच वर्तुळामागे वर्षभर मुलं लावणार होत्या.

"हे वर्तुळ लोणारचं नाही," ती म्हणाली. "माझ्या बाटल्या मुक्कामाच्या घरी कपड्यांच्या पावडरीने धुतल्या गेल्या. कागदाची घडी वेगळी दिसूनही मी तपासलं नाही. तुलनेसाठीची कंट्रोलची बाटली इथेच राहिली, ती कुणी धुतली नाही, म्हणून आपल्याला कळलं नाही. आज सकाळची प्लेट दाखवते."

तिने प्लेट पुढे केली. मग त्या गृहस्थांनी विचारलं, "कोणती पावडर?"

तिने नाव सांगितलं.

ते सोबत्याकडे बघून हसू लागले. "त्यातलं एन्झाइम आमच्याकडूनच जातं. इतके आठवडे बाटलीत टिकलं म्हणता? अरे वा!" त्यांनी प्लेटचा फोटो काढून घेतला. प्रकल्पाबद्दल मात्र पुढे काहीच विचारलं नाही. जेवले आणि गेले.

शैलजा मॅडम खोलीत एकट्या बसल्या होत्या. अदीबा दारात थांबली.

"जागेचं आता विसर," मॅडम म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"मी त्या जंतूला नाव काय द्यायचं याचा विचार करत होते. महिनाभर." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रागवावं की नाही, तेच कळत नाहीये मला. तू जा आता."

दुसऱ्या दिवशी मॅडम प्रयोगशाळेत आल्या आणि सगळ्यांना सांगितलं, बाहेर जाऊन आलेली प्रत्येक रिकामी बाटली काढा, शुद्ध पाणी भरा, त्याचा थेंब दुधाच्या प्लेटवर टाका. रेवतीच्याही बाटल्या निघाल्या. मातीसाठी नेलेल्यांपैकी त्या रिकाम्या उरल्या होत्या, आणि माती आणण्याआधीची रात्र तिच्या काकूंच्या स्वयंपाकघरात राहिल्या होत्या. ती अदीबाकडे बघेना.

"तुह्यामुळं बे," ती खड्ड्यात थेंब सोडत पुटपुटली. "माह्यावालीत काई निघालं तं पाह्य मंग."

तेवढ्यात अदीबाचा फोन वाजला. ती बाहेर व्हरांड्यात गेली.

"लागला का व निकाल?" मुमानींचा आवाज.

काही तरी गोड बोलून फोन ठेवता आला असता. अदीबाने सांगितलं. पावडर थोडी आत राहिली, तीच तलावाची म्हणून दिसली, प्रकल्प गेला, जागा गेली.

"म्हंजे माह्यामुळं गेलं?"

"नाही मुमानी. मी बघायला पाहिजे होतं."

"पन पाक होत्या ना त्या?"

"पाक होत्या."

"साफ होत्या?"

"साफही होत्या."

"मंग खराब कशा झाल्या?"

अभ्यासात याचं उत्तर होतं, दोन ओळींचं. मुमानींच्या अंगणात ते कुठे ठेवायचं ते तिला कळेना.

"मलाही अजून नीट उलगडलं नाही," ती म्हणाली.

"तुले नाई समजलं तं मले काय समजनार." मुमानींनी नाक ओढलं. सर्दी झाल्यासारखा आवाज झाला होता त्यांचा. "पुढच्या बारीले हात नाई लावत मी. पन एक सांगतो बेटा, त्या बाटल्या ओसरीवर नोको ठेवू. बाहेर, लिंबाखाली ठेव."

"ठेवते," अदीबा म्हणाली. पुढची बारी येईल की नाही, हे मात्र तिने विचारलं नाही. आत प्लेटा उबेला लागल्या होत्या आणि उद्यापर्यंत कुणालाच काही कळणार नव्हतं.