दुपारच्या आधीचं लग्न

"संध्याकाळी पाच अठ्ठावीस," नवरदेवाची आई लुआनबाई म्हणाल्या. "पाच अठ्ठावीसला नवरी घरातून निघाली. लिहा."

मी लाल कागदावर लिहिलं.

"गाड्या दोनच. फटाके तिच्या दारात नकोत, आमच्या दारात वाजवू. लिहिलंत?"

"लिहिलं. पण हिवाळ्यात पाच अठ्ठावीसला अंधार असतो, ताई." आमच्या तियानजिनमध्ये लहानथोर सगळ्याच बायकांना ताई म्हणतात.

"म्हणूनच तर," लुआनबाई म्हणाल्या.

शूफन शेजारच्या स्टुलावर बसली होती. लग्न तिचं होतं. ती माझ्या कागदाकडे बघत होती, पण वाचत नसावी.

आमच्या गल्लीतली लग्नं हाओदादा लावायचा. त्याचा आवाज असा की चौकातून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरची नवरी उठून उभी राहायची. मी फक्त त्याचा कागद लिहायचो: कुणी किती वाजता निघायचं, कुठल्या रस्त्यानं यायचं, चहा आधी कुणाला. पस्तीस वर्षं मी शाळेची लायब्ररी सांभाळली. माणसांशी बोलण्यापेक्षा त्यांची यादी करणं मला बरं जमतं. पण त्या वर्षी हाओदादाच्या घशाचं ऑपरेशन झालं, आणि शूफनचं लग्न एकट्या माझ्यावर आलं.

आमच्याकडे पहिलं लग्न संध्याकाळी लागतं. दुपारच्या आत उरकतात ते दुसरेपणाचं. बाकीच्या मुलखात उलटं आहे म्हणतात, असेल. सकाळी दहाला फुलं लावलेली गाडी गेली की आमच्या भाजीवाल्या एकमेकींकडे बघतात, बस. पेइशेंगचं, म्हणजे लुआनबाईंच्या मुलाचं, एकोणचाळिसाव्या वर्षी पहिलं लग्न होतं. तो विजेची मीटरं दुरुस्त करायचा. शूफनचं दुसरं होतं. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी कारखान्यातल्या अपघातात गेला. माहेरचं कुणी उरलं नव्हतं. ती सासूपाशी, दू आईपाशी, राहिली, आणि पेइशेंगला हो म्हणताना एकच अट घातली: दू आई माझ्याबरोबर येईल.

"अट मी मान्य केलीय," लुआनबाई मला म्हणाल्या. "मी काही माणुसकी सोडलेली नाही. आठ दिवसांनी आणा म्हातारीला, खोली रिकामी केलीय. पण लग्नाच्या दिवशी? मेलेल्या नवऱ्याची आई मांडवात? माझ्या मुलाचं पहिलं लग्न आहे, ते पहिल्यासारखंच होणार. संध्याकाळी."

"आईचं त्या दिवशीचं जेवण?" शूफननं विचारलं.

"डबा पाठवू की! मासा, कोलंबी, सगळं."

शूफननं मान डोलावली. तिचे हात मांडीवर होते. पाण्यानं कायम सुरकुतलेली बोटं. ती बायकांच्या हमामखान्यात पाठ घासून द्यायचं काम करते.

त्या हातांसमोर मी गप्प बसायला नको होतं. माझ्या बायकोचं अंग लुळं पडलं तेव्हा तिला आंघोळ घालणं मला जमेना. तीही मला जवळ येऊ देईना, लाजायची. शूफनला कुणी सांगितलं कोण जाणे. हमामखाना सोमवारी बंद असतो. एका सोमवारी ती दोन टॉवेल घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, पाणी तापवा आणि बाहेर जा." मी बाहेर थांबायचो. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. आजारात माझी बायको फक्त सोमवारी हसली. अशी दोन वर्षं आणि सहा आठवडे. बायको गेल्यावर शूफनचे आभार मानायला मी तिच्या घरी गेलो. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून एक जाडजूड शब्दकोश तिच्या हातात ठेवून परत आलो. अजून आठवलं की कान तापतात.

कागद लिहून झाला की मी तो चालून बघतो. लिहिलेल्या वेळात माणूस खरंच पोचतो का, हे पायांना कळतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी शूफनच्या घरी गेलो. ती कामावर होती. दू आईनं दार उघडलं. आधी मी कोण ते तिला कळेना, मग म्हणाली, "शब्दकोशवाले मास्तर!"

मी मुकाट्यानं दारापासून जिन्यापर्यंत पावलं मोजली. ती माझ्या मागून भिंत धरत आली.

"कितीला निघायचंय तिला?"

"पाच अठ्ठावीस."

"बरं." मग जिन्याशी पोचल्यावर, "मास्तर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"नाही हो ताई."

"तासभर आधी नाही का जमायचं? बघा, आत्ता कसं ऊन आहे समोरच्या भिंतीवर. पाचनंतर काही दिसत नाही. गल्लीतला दिवा तीन महिने बंद आहे. मी खाली नाही यायची, कुणाच्या मध्ये नाही यायची. खिडकीतून बघेन नुसतं."

मी खिशातून कागद काढून त्यावरची वेळ बघू लागलो. तिला वाटलं, मी नाही म्हणतोय.

"मागच्या वेळी मी त्या बाजूची होते ना," ती समजावून सांगू लागली. "मुलाची आई. घरात चुलीपाशी, पाहुण्यांच्या जेवणाच्या गडबडीत. ही लाल कपड्यांत आपल्या घरातून निघताना कशी दिसली, ते मी बघितलंच नाही. आता या बाजूची झालेय, तर वाटलं... पण नसेल जमत तर राहू दे. अंदाजानं बघेन."

घरी येऊन मी दुसरा कागद लिहायला घेतला. तासभर आधी निघून उजेड मिळाला असता, पण ती खिडकीतच राहिली असती; सकाळच्या लग्नात तिला लपवायचं कारणच उरत नव्हतं. तीनदा चुकला. सकाळी लुआनबाईंकडे निघालो तेव्हा एका खिशात संध्याकाळचा कागद होता, दुसऱ्यात सकाळचा. कुठला काढीन याची माझी मलाच खात्री नव्हती.

लुआनबाई व्हिनेगरमध्ये मुरवायला लसूण सोलत बसल्या होत्या. पेइशेंग खिडकीपाशी एक मीटर उघडून बसला होता. मी कागद पुढे केला.

"नऊ वीस?" त्या ओरडल्या. "सकाळी? मास्तर, डोकं ठिकाणावर आहे ना? अख्खी गल्ली म्हणेल, लुआनच्या घरात दुसरेपणाची आणली!"

"दुसरेपणाचीच आहे," मी म्हणालो. माझ्याच कानांवर माझा विश्वास बसला नाही.

पेइशेंग हसला.

"दात काय काढतोस?"

"आई, गल्लीला सगळं माहीत आहे. भाजीवाली मला रोज विचारते, म्हातारीला कधी आणताय?"

"सगळ्या गल्लीला माहीत?"

"सगळ्या."

"मग मी कुणापासून लपवतेय?" त्यांनी लसणाची पाकळी भांड्यात जोरात टाकली. "आणि तू तोंड शिवून बसलास! तुला सकाळ हवी की संध्याकाळ?"

"मला शूफन हवी," तो म्हणाला. "पण अंधारातून आणायची म्हणजे चोरून आणल्यासारखं वाटतं, आई."

तेव्हा मी त्यांना सोमवारची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. अडखळत, मध्येच पुढचं आधी सांगत, पण सांगितली. दू आईनं मागितलेल्या उजेडाचंही सांगितलं. लुआनबाईंचे हात थांबले.

"सोमवार म्हणजे तिच्या सुट्टीचा दिवस?"

"हो."

"दोन वर्षं?"

"आणि सहा आठवडे."

त्यांनी हात पुसले. कागद लांब धरून वाचू लागल्या. "नऊ वाजून पाच. नवरदेव दू आईंना चहा देतो आणि आई म्हणून हाक मारतो. हे काय?"

"नवरीच्या घरी नवरदेव तिच्या आईला पहिल्यांदा आई म्हणतो. रीतच आहे."

"तिच्या आईला!"

"तिला आई तीच आहे, ताई."

पेइशेंगनं मीटर खाली ठेवलं.

"किती मिनिटं धरलीत?" शेवटी लुआनबाईंनी विचारलं.

"दोन."

"दोनच. त्याहून जास्त नको, हॉटेलातला मासा निवेल." मग मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला, "म्हातारीला पहिल्या टेबलावर बसवा, माझ्या शेजारी! मागं बसवलीत तर लोक म्हणतील, लुआननं लपवली!"

लग्नाच्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं होतं. हमामखान्यातल्या बायका दार अडवून उभ्या होत्या. "आधी आमच्या पाठी घासून दाखव, मग आत ये!" त्या ओरडत होत्या आणि पेइशेंग कोट काढायला निघाला होता. तरीही तो नऊ वाजून चार मिनिटांनी आत आला. मी मनात हाओदादाला नमस्कार केला.

शूफन लाल जाकिटात, केसांत लाल मखमली फूल. तसंच एक फूल तिनं दू आईच्याही केसांत खोवलं होतं. दू आई नको नको म्हणत होती आणि पुन्हा पुन्हा हात लावून ते पडलं नाही ना ते बघत होती. तिला खुर्चीवर बसवलं. पेइशेंगनं दोन्ही हातांनी कप पुढे धरला.

"आई, चहा."

यावर तिनं मोठ्यानं ओ द्यायची, चहाचा घोट घ्यायचा आणि पैशांचं लाल पाकीट द्यायचं. तिला मी हे तीनदा समजावलं होतं. तिनं कप घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्या घरात सहा वर्षं पुरुषाच्या आवाजात ती हाक कुणी मारली नव्हती, हे कागद लिहिताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"जेवलास का रे?" तिनं विचारलं.

बायका हसल्या. पेइशेंग पहाटे चारपासून उठलेला होता. तो खरं ते बोलला. "नाही."

दू आईनं कप खाली ठेवला, भिंत धरून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पातेल्याचा आवाज आला.

"ताई, गाड्या खाली थांबल्यात," कुणीतरी म्हणालं.

"थांबू दे," शूफन म्हणाली. तिनं लाल बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि फळीवरून वाट्या काढायला सुरुवात केली.

कुणी काही विचारलं नाही, पण माझ्याही हातात एक वाटी आली. गरम नूडल्स, वर अंडं आणि कांद्याची पात. मी दाराच्या चौकटीपाशी उभा राहून खाल्लं. खालून हॉर्न वाजत होता. आत नवरदेव कोट सांभाळत, घाईघाईनं, डोकं खाली घालून जेवत होता, आणि दू आई पळी हातात धरून त्याच्यासमोर उभी होती, तो आणखी मागतो का ते बघत.