रंभाबाईंच्या मांडीतला रॉड

मित्रांनो, मी तुम्हाला कधी दिसणार नाही. मी रंभाबाईंच्या उजव्या मांडीच्या हाडात बसवलेला एक रॉड आहे. मी अजून जुनाही झालेलो नाही, पण माझं काम संपल्यासारखंच आहे. म्हणून माझी हकिकत आताच सांगून टाकतो.

मी टायटॅनियमचा. हा धातू हलका, पण फार चिवट. माझ्यासारखे रॉड कारखान्यात यंत्रात धरून लाखो वेळा दाबून पाहतात, कारण माणूस पाऊल टाकतो तेव्हा अंगाचा भार मांडीच्या हाडावर येतो. तो भार पेलण्यासाठीच आम्हाला घडवतात.

रंभाबाई कुही तालुक्यातल्या. वय पंचाहत्तर. मोरीत पाय घसरून पडल्या आणि खुब्यापाशी हाडाचे चार तुकडे झाले. त्यांच्या मुलाने, जितेंद्रने, त्याच दिवशी त्यांना नागपूरच्या इस्पितळात आणलं. डॉक्टर म्हणाले, "नुसतं झोपून हे हाड जागेवर राहणार नाही. रॉड टाकू आणि दुसऱ्याच दिवशी उभं करू."

पडद्यावर हाडाचं चित्र पाहत पाहत डॉक्टरांनी मला हाडाच्या पोकळीत सरकवलं. माझ्यातून एक जाड स्क्रू खुब्याच्या गोळ्यात गेला, एक बारीक स्क्रू खाली बसला. वरून टाके पडले आणि मी अंधारात राहिलो. मात्र हाडातून बाहेरचं सगळं ऐकू येतं, कळतं.

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या भैरवी मॅडम वॉकर घेऊन आल्या.

"चला आजी, टाका पाऊल."

"पाडशीन तर तुलेच नातसून करून नेईन, सेवा कराले!"

"नातू काय करतो?"

"सातवीत हाय. थांबशीन का?"

सारा वॉर्ड हसला. त्या हसण्यातच रंभाबाईंनी चार पावलं टाकली. चारही वेळा भार माझ्यावर आला आणि मी तो पेलला. पलंगावर बसून त्या धापा टाकत म्हणाल्या, "पोरी, मले माह्या पायानं संडासले जाता आलं म्हणजे झालं. बाकी काही नाही पाहिजे."

"रोज चालाल तर पंधरा दिवसांत जाल," मॅडम म्हणाल्या.

मग आम्ही गावी आलो. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. केळी येतात, बिस्किटं येतात आणि त्यांच्यासोबत सल्ला येतो. चौथ्या दिवशी रंभाबाईंचे थोरले भाऊ कवडू आले. तेव्हा त्या वॉकर धरून नुकत्याच उठत होत्या.

"काहून उठवून राहिला गा इले?" कवडू जितेंद्रवर ओरडले. "रॉड वाकला तर पुन्हा कापा लागन! माहा पाय मोडला तवा मी तीन महिने खाटेवरून हाललो नाही. म्हणून आज वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालतो."

"डॉक्टर तर चालवा म्हणते, मामा."

"डॉक्टरचं काय जाते? माय तुही हाय."

"भाऊ, मले संडासले जाऊ दे," रंभाबाई म्हणाल्या.

"लाजतं काय वं? पोरगा हाय, सून हाय. पडून राह्य."

मी आतून ओरडत होतो, मी वाकणार नाही, टाकू द्या पाऊल! पण धातूला आवाज कुठला? मोठ्या मामाचा शब्द जितेंद्रने मोडला नाही. त्याने आईला अलगद उचलून झोपवलं. सून प्रेमिलाने डायपर आणले. दोघांनी मनापासून सेवा केली, भाताचा घास भरवला, अंग पुसलं. या घरात वाईट कोणीच नव्हतं, मित्रांनो. वॉकरवर टॉवेल वाळू लागले.

सुरुवातीला रंभाबाई रोज म्हणायच्या, "उठव ना गा." जितेंद्र म्हणायचा, "हाड जुळू दे, माय."

तीन महिन्यांनी त्यांना गाडीत आडवं घालून नागपूरला नेलं. डॉक्टरांनी हाडाचा एक्स-रे पाहिला. हाड छान जुळलं होतं, मी ताठ होतो. मग त्यांनी चादर सरकवली. मांडी मनगटाएवढी झाली होती, गुडघे आखडले होते, पडून पडून पाठीला जखम झाली होती. दोघांनी धरून उभं केलं, पण पाय जमिनीवर टेकेनात. जितेंद्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांना कधी असा रॉड बसला, आणि डॉक्टरांनी चालवा म्हटलं, तर घाबरू नका. बाबांना सांगा, मामांना सांगा, भांडण झालं तरी चालेल. दोन्ही बाजूंनी धरा आणि उभं करा. झोपवून ठेवण्याइतकी जीवघेणी माया दुसरी नाही. हे मला आतून कळलं, पण उशीर झाल्यावर.

रंभाबाई आता "उठवा" म्हणत नाहीत. आज दुपारी ऊन कडक होतं. प्रेमिला पेला घेऊन आली.

"आत्याबाई, पाणी प्या ना. सकाळपासून घोटभर नाही घेतलं."

"नको वं," रंभाबाई हळूच म्हणाल्या. "पाणी प्यालं का तुले डायपर बदलवा लागते."