उघडं पडलेलं पितळ

बाळांनो, हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि मनानं एका सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, येऊन उभे राहा. निपाणीतल्या एका कौलारू घराचा हा सोपा. फळीवर एक मोटर बोल्टांनी आवळून बसवली आहे. तिच्या दांड्याला कापडाचं जाड चाक आहे, जुन्या धोतरांचे गोल तुकडे एकावर एक शिवून केलेलं. मोटर अशी भिरभिरते आहे की चाक फिरतंय हे डोळ्यांना कळतच नाही, कानांना तेवढं कळतं. चाकासमोर पाय फाकवून एक माणूस उभा आहे. नाकातोंडाला फडकं, भुवयांवर काळी भुकटी. त्याच्या हातात ताटाएवढं, पांढरं, फुगीर झाकण आहे. मोटारगाडीच्या चाकावर मधोमध बसवतात ना, ते. पावसापाण्यानं त्यावर डाग पडलेत. माणूस ते कापडी चाकावर दाबतो आणि डाग निघू लागतात.

आता सांगा, डाग गेल्यावरही तो दाबतच राहिला, तर खालून काय निघेल?

लगेच उत्तर नका देऊ. आधी या माणसाची ओळख करून घ्या, म्हणजे त्यानं काय उत्तर दिलं असेल तेही तुम्हाला समजेल.

त्याचं नाव भरमू. त्याचं सगळं आयुष्य पितळेत गेलं होतं. पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानामागच्या खोलीत तो घागरी, हंडे, समया याच चाकावर उजळत असे. पितळेचा एक गुण लक्षात ठेवा. ते आरपार पितळच असतं. वर काळं पडलं, हिरवं पडलं, तरी घासलं की खालून पिवळंधमक निघतं आणि जितकं दाबावं तितकं जास्त उजळतं. भरमूच्या मनगटांना एवढंच माहीत होतं. दाबायचं.

मग स्टीलची भांडी आली. ती कारखान्यातूनच चकचकीत होऊन यायची. लग्नात हंड्यांऐवजी स्टीलचे डबे दिसू लागले. दुकानदारानं मागची खोली रिकामी केली आणि भरमूला म्हणाला, "मोटर घिऊन जा. मला ह्याचा काय उपेग?" भरमूनं ती डोक्यावरून घरी आणली. त्यालाही आता दीड वर्ष होत आलं होतं. देवळातल्या समया आणि कुणाच्या म्हातारीचा एखादा तांब्या, यापलीकडं काम नव्हतं. घर चालत होतं ते शेवंताबाईवर, म्हणजे त्याच्या बायकोवर. ती तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. संध्याकाळी घरी आली की आधी दारात उभी राहून दहा-दहा शिंका द्यायची आणि मग उंबरा ओलांडायची.

त्या दिवशी सकाळी ती निघताना म्हणाली, "मुकादमानं परत इचारलंय. सोमवारपासनं एक जागा हाय. मालूला घालूया म्हणालोय मी."

मालू त्यांची एकुलती एक. पाचवीत होती. पाढे म्हणताना पायानं ठेका धरायची.

"शाळा हाय तिची," भरमू म्हणाला.

"हाय की. शाळा हाय, आणि पोट न्हाय व्हय?"

"सोमवार लांब हाय अजून."

"तुमाला सगळंच लांब दिसतंय बगा," असं म्हणत ती गेली.

आणि नेमका त्याच सकाळी मारुतीराव दारात उभा राहिला. मारुतीराव एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचा ड्रायव्हर. खांद्यावर पोतं, पोत्यात चाकांची चार झाकणं.

"भरमू, हैस का रं घरात? मालकाच्या पोरीचं लगीन हाय बेळगावला. नवरा-नवरीची वरात जुन्या मोठ्या गाडीतनं काढायची. सगळी गाडी पुसून काढली, पन ही झाकणं काय माझ्या फडक्याला दाद देईनात. तुझ्याकडं मशीन हाय म्हणं?"

"हाय की!"

"मग लाव झळकायला. सोन्यावानी दिसली पायजेत. काम पसंत पडलं तर मालकाच्या सगळ्या गाड्या, भावाच्या गाड्या, वखारीचे ट्रक, समदं तुझ्याकडं आणतो. बसून खाशील लेका."

भरमूनं मालूकडं बघितलं. ती दप्तर काखेत मारून उंबऱ्यावर थांबली होती.

"जा शाळेला," तो म्हणाला. "आणि सोमवारी बी जायाचं हाय तुला, कळलं?"

आता पुन्हा त्या फिरत्या चाकाजवळ येऊ. दुपार झाली होती. शनिवारची शाळा लवकर सुटलेली. मालू दप्तर टाकून बापाजवळ उभी होती. पहिल्या झाकणाचा मधला फुगवटा असा लखलखला होता की तिला त्यात आपलं नाक भोपळ्याएवढं दिसत होतं आणि ती एकटीच खुदुखुदु हसत होती. पण कडेचा एक डाग जाईना. भरमूनं उजळायच्या मसाल्याची वडी चाकाला लावली आणि झाकण दाबलं. डाग हटेना. त्यानं कोपर बरगडीला टेकवलं आणि सगळं अंग घालून दाबलं.

"आप्पा! पिवळं आलं!"

भरमूनं मोटर बंद केली. झाकण उजेडात धरलं. कडेला बोटभर पट्टा पिवळा झाला होता. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. तीस वर्षं ज्याच्यावर तो अंगठा फिरला होता, तेच ते.

"पितळ हाय गं," तो हळूच म्हणाला. नंतर मोठ्यानं म्हणाला, "पितळ हाय की ही! आणि मी येड्यावानी पांढऱ्यावर घासत बसलोय."

"मग पांढरं काय हुतं?"

"कल्हई. आपल्या पातेल्याला आतनं लावत्यात न्हाय का, तसली. कुनीतरी कल्हई लावून चांगलं पितळ झाकून ठेवलंय बग."

मालूनं मान वाकडी करून बघितलं. "पिवळं लई झ्याक दिसतंय, आप्पा."

"दिसणारच! सोन्यावानी म्हणालाय मारुतीराव. उगंच म्हणतोय व्हय त्यो?"

मग त्याच्या अंगात दुकानातला जुना भरमू शिरला. एकेक झाकण त्यानं चाकावर धरलं आणि पांढरं सगळं उतरवलं. कडा, खाचा, मधला फुगवटा, काही सोडलं नाही. चारही झाकणं पोत्यावर मांडली तेव्हा शेजारची जयाबाई कुंपणावरून वाकून म्हणाली, "काय गं मालू, बाबानं देवीचा टाक घडवाय घेतला काय?" भरमू हसला. गेल्या कित्येक महिन्यांत मालूनं त्याला असं दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं.

शेवंताबाई आली. शिंका झाल्या. पदरानं डोळे पुसून तिनं झाकणांकडं बघितलं.

"पांढरी हुती न्हवं सकाळी?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाय कळत," ती म्हणाली आणि चुलीकडं गेली. पण जाताना तिनं एकदा मागं वळून बघितलं. त्या नजरेत थोडी आशाही होती, हे भरमूला दिसलं.

रविवारी सकाळी मारुतीराव आला. भरमूनं झाकणांवर टाकलेलं पोतं एका झटक्यात बाजूला केलं.

मारुतीराव बघतच राहिला. मग खाली बसला. एक झाकण उचललं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

"भरमू, हे काय करून ठेवलंस रं?"

"सोन्यावानी म्हणालतासा न्हवं."

"अरं, म्हणायची रीत असती ती! पांढरं कुठं गेलं ह्याचं?"

"कल्हई काढली. खाली अस्सल पितळ हाय, मारुतीराव. हात लावून बगा."

"कल्हई न्हवं रं बाबा! मुलामा हुता त्यो. क्रोम म्हणत्यात त्याला." मारुतीरावचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "म्होरला पत्रा पांढरा, दिव्याच्या कडा पांढऱ्या, आणि चाकं पिवळी? बँडवाल्याची गाडी झाली की ही."

बाळांनो, आता मघाच्या प्रश्नाचं उत्तर. तो मुलामा कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ असतो. मोठ्या कारखान्यात रसायनांच्या टाक्यांत धातू बुडवून, विजेच्या जोरावर तो चढवतात. त्याच्यावरून हलक्या हातानं फडकं फिरवायचं असतं. पण हलका हात भरमूला कुणी शिकवलाच नव्हता.

"कल्हईवाल्याला बोलावतो," भरमू घाईनं म्हणाला. "आत्ता बोलावतो. संध्याकाळपातूर पांढरी करून देतो."

"कल्हईला ती झळाळी येत न्हाय रं."

"येती, मी वरनं घासतो—"

"नगं!" मारुतीरावनं झाकण पोटाशी धरलं. "आता हात लावू नगंस. ही गाडी गोऱ्या साहेबाच्या वक्ताची हाय. असली झाकणं आता कुठं मिळायची न्हाईत."

मालू खांबाला धरून उभी होती. मारुतीरावनं चारही झाकणं पोत्यात भरली. शिव्या दिल्या असत्या तर भरमूला बरं वाटलं असतं.

"मालकाला सांगतो चोरीला गेली म्हणून," मारुतीराव उठत म्हणाला. "माझी नोकरी ऱ्हायली तर ऱ्हायली. तुझं नाव घेत न्हाय मी. पन परत माझ्याकडं काम मागाय येऊ नगंस, भरमू. वंगाळ वाटून घेऊ नगंस."

"न्हाय," भरमू म्हणाला.

दिवसभर तो मोटरीजवळ बसून राहिला. मालू एकदा येऊन शेजारी टेकली.

"आप्पा, मी पिवळं आलं म्हणालो तवाच आपण थांबलो असतो, तर?"

"तरी बी गेलंच हुतं, बाळ."

"मी झ्याक दिसतंय म्हणालो."

भरमूला तिला सांगायचं होतं की चूक त्याची एकट्याची आहे. तो शब्द जुळवत होता. तेवढ्यात शेवंताबाईनं आतून हाक मारली आणि मालू उठून गेली.

सोमवारी शेवंताबाई एकटीच आधी निघाली. "मी न्हाय आणणार तिला," उंबऱ्यातून ती म्हणाली. "तुमी आणा."

म्हणून भरमू पोरीला घेऊन वखारीपर्यंत चालत गेला. वाटेत शाळा लागली. प्रार्थना चालू होती. मालूनं तिकडं बघितलं नाही, पावलं मात्र भरभर टाकली. वखारीच्या दारात बायकांची रांग होती. हवेत तंबाखूची भुकटी तरंगत होती, आणि भरमूच्याच डोळ्यांना पहिल्यांदा पाणी आलं.

मुकादमाचं नाव मष्णू. त्यानं मालूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आधी कानडीत काहीतरी पुटपुटला, मग मराठीत म्हणाला, "बारकी दिसालीया. ह्या आठवड्यात बेळगावचा साहेब तपासाय येतोय. चौदाच्या खालची असंल तर आत्ताच घरी न्या, नंतर माझ्या गळ्याला फास नगं. बोला, वय किती?"

भरमूनं खरं सांगायचं होतं फक्त. एकच शब्द, आणि पोर परत फिरली असती. शाळेची प्रार्थना अजून संपलीही नसेल. काल पोरीशी बोलताना शब्द जुळत नव्हते; हा शब्द मात्र ओठावर आला होता. त्यानं तोंड उघडलं.

मालूनं त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. ती एक पाऊल पुढं झाली. परकराच्या घोळाखाली तिनं दोन्ही टाचा उचलल्या, मान ताठ केली, आणि बापाचा शब्द बाहेर पडायच्या आत मुकादमाच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"पंधरावं लागलंय."