माझ्या खुंटीवरचा लाल ठिपका

मी एक जुना मीटर आहे. विजेचा नव्हे, पाण्याचा नव्हे आणि रिक्षाचा तर मुळीच नव्हे. मी धान्याच्या पोटातला ओलावा मोजतो. मित्रांनो, आज मी शेंगदाण्याच्या एका मोठ्या कारखान्यात, दारातून आत आल्या आल्या दिसेल अशा काचेच्या कपाटात बसलेलो आहे. मागे यंत्रांची घरघर चालू असते, भाजलेल्या दाण्यांचा वास कपाटाच्या फटीतून आत येतो आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी मला बघतो. एवढ्याशा डब्याला एवढा मान कशाला, असं तुम्हाला वाटेल. तो मी कमावलेला आहे. आणि खोटं कशाला बोलू, एका चुकीतून कमावलेला आहे.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने श्वास रोखून माझा काटा बसवला. काटा केसाहून थोडासाच जाड. तो बसल्यावर तिने सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "हं, जा आता. खरं बोल." माझ्याशी कुणी बोललेले ते पहिले शब्द. मी ते कधी विसरलो नाही.

माझ्या अंगात फार काही नाही. दाणे घालायला एक वाटी, ते दाबायला वर एक स्क्रू, समोर काच, काचेमागे काटा आणि काचेखाली एक बटण. उजव्या अंगाला एक खुंटी, आणि खुंटीभोवती सहा खुणा: मका, गहू, भात, सोयाबीन, तीळ, शेंगदाणा. दाण्यादाण्याचा स्वभाव वेगळा असतो. पिठूळ दाणा एक बोलतो, तेलकट दाणा दुसरंच. म्हणून जे मोजायचं त्याच्या खुणेवर आधी खुंटी फिरवावी लागते. हे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढची सगळी गोष्ट या खुंटीला टांगलेली आहे.

त्या खोलीतून मी गेलो एका संस्थेत. तिथे चार टेबलं, एक गळका माठ आणि भिंतभर नकाशा होता. या संस्थेचं काम सांगायला सोपं, पटवायला अवघड. ती पेरत नव्हती, विकत नव्हती, कुणाला दानही देत नव्हती. खेड्यापाड्यांत शेतमालावर काम करणारे लहान लहान धंदे असतात. कुणी तेल काढतं, कुणी पीठ दळतं, कुणी फळं सुकवतं. हुन्नर असतो, पण यंत्र घ्यायला भांडवल नसतं. दुसरीकडे भांडवल असलेली माणसं असतात, पण खेड्यात पैसा घालायला त्यांचा जीव धजत नाही. या दोघांना एका सतरंजीवर बसवायचं, एकमेकांची ओळख करून द्यायची आणि भरवसा जुळला की आपण बाजूला व्हायचं, हे त्या संस्थेचं काम. लोक चेष्टेने म्हणत, "यांचं दुकान म्हणजे स्थळं जुळवायचं. फक्त जेवणावळ नाही."

तिथल्या ताई मला सांभाळत. ताई पूर्वी धान्याच्या गोदामात तपासनीस होत्या. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. त्यांचा एक रिवाज होता. पाहुण्यांसमोर त्या कुठल्याच धंद्याची तारीफ करत नसत. माल पुढे ठेवायचा, मला पुढे ठेवायचं आणि गप्प बसायचं. "तोंडच्या गोष्टी राहू द्या," त्या म्हणत, "काटा काय म्हणतो ते बघा." मी काटा हलवायचो आणि माणसं माना हलवायची. काय तो रुबाब! माझ्या शब्दावर तेलाचा घाणा उभा राहिला, पिठाची गिरणी उभी राहिली, तिळाचं गोदाम उभं राहिलं. गाडीत ताईंच्या शेजारची जागा माझी असायची. ड्रायव्हरदादा मागे बसणाऱ्यांना सांगायचे, "जरा सांभाळून. साहेब पुढे बसलेत." साहेब म्हणजे मी.

हजारो वेळा बोटं फिरून खुंटीभोवतीची अक्षरं पुसली गेली. तेव्हा ताईंनी शेंगदाण्याच्या खुणेवर नखं रंगवायच्या रंगाचा एक लाल ठिपका दिला. बाकीच्या खुणा त्या ठिपक्यापासून मोजायच्या. ठिपका म्हणजे माझं गाव, असं समजा. तिथून सगळ्या वाटा फुटायच्या.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगतो.

एका पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस बाया शेंगा फोडायच्या, दाणे निवडायच्या, भाजायच्या. त्यांच्या म्होरक्या होत्या कटमावशी. खरं नाव त्यांच्या घरच्यांनाही आठवावं लागे. दाणा वाळला की नाही हे त्या दाढेखाली धरून सांगायच्या. 'कट' असा आवाज आला तर माल आत, नाही आला तर परत उन्हात. त्यावरून ते नाव पडलं. त्यांची सून भाजणीचं बघायची. तिच्याकडे हाताने फिरवायचं एक पिंप होतं आणि ते फिरवून फिरवून तिचा उजवा दंड पैलवानासारखा झाला होता.

शहरातल्या मोठ्या दुकानांना या दाण्यांची चव लागली. त्यांचा निरोप आला: पुढच्या हंगामापासून दर आठवड्याला गाडीभर माल द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. हाताच्या पिंपावर गाडीभर माल कसा व्हायचा? भाजायचं मोठं यंत्र हवं, कोरडं गोदाम हवं. मावशींच्या दिरांनी तर निकाल देऊनच टाकला होता. शेडमध्ये त्यांचा निम्मा वाटा होता. "वहिनी, या हंगामापर्यंत थांबतो. काही जमलं नाही तर मी इथे विटा ठेवणार. विटा बुरसत तरी नाहीत."

ताईंनी वर्षभर खटपट करून एक पाहुणे आणले. पाहुण्यांचा बिस्किटांचा कारखाना होता, आणि चांगल्या दाण्याच्या धंद्यात भागीदार व्हायची त्यांची तयारी होती. अट एकच. मालात आठ टक्क्यांच्या वर ओलावा नको. ओल्या दाण्याला बुरशी धरते आणि ती बुरशी माणसाच्या पोटात विष कालवते. अट रास्त होती. एका दिवसासाठी ते आले होते, संध्याकाळी परत जाणार होते.

आदल्या दिवशीच ताईंनी माझी खुंटी लाल ठिपक्यावर आणून ठेवली होती. सकाळी ड्रायव्हरदादांनी मला पाहिलं. त्यांना वाटलं, एवढे मोठे पाहुणे येणार आणि आपले साहेब असे मळके! त्यांनी रॉकेलच्या फडक्याने मला घासून पुसून लख्ख केलं. लाल डाग दिसला, तोही घासून काढला. खुंटी तिरकी दिसत होती, ती सरळ केली. सरळ म्हणजे मक्यावर. मित्रांनो, मला ते समजत होतं. पण मला काटा आहे, जीभ नाही.

शेडमध्ये चटईभोवती सगळे बसले. ताईंनी नेहमीसारखी वाटी भरली, स्क्रू आवळला आणि बटण दाबलं. दाणे शेंगदाण्याच्या बोलीत बोलत होते आणि मी ते मक्याच्या कानाने ऐकत होतो. काटा निघाला तो सातावरून गेला, आठावरून गेला आणि साडेअकरावर जाऊन थांबला.

ताईंनी दुसरी मूठ घेतली, तिसरी घेतली. साडेअकरा. पाहुण्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

दीर खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "तरी मी म्हणत होतो. दातांवर का कधी धंदा होतो?"

"भावजी, दात आहेत म्हणून बोलता येतंय तुम्हाला," मावशी म्हणाल्या. त्यांनी त्याच पोत्यातला एक दाणा घेतला आणि दाढेखाली धरला. कट! आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "ताई, राग मानू नका. तुमचं यंत्र खोटं बोलतंय."

"मावशी, चार वर्षांत एकदाही चुकला नाही तो."

"मी चाळीस वर्षांत नाही चुकले. मग आता?"

ताईंची अडचण मला दिसत होती. संस्थेची सगळी पत माझ्या काट्यावर उभी होती. मी खोटा ठरलो तर आजवर जुळवलेल्या सगळ्यांच्या मनात शंका येणार. मी खरा ठरलो तर चाळीस बाया घरी बसणार. नमस्कार करून उठणं सोपं होतं. ताई उठल्या नाहीत.

"मावशी, मग खरं-खोटं करायचं कसं? तुम्हीच सांगा."

"सोपं आहे की. बेकरीवाल्या भाऊंची भट्टी सकाळचे पाव काढून झाले की दिवसभर मंद असते. एक किलो दाणे मोजून घ्या, भरडा, भट्टीत ठेवा. मधून मधून वजन करा. वजन उतरायचं थांबलं की समजायचं, पाणी संपलं. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी."

पाहुण्यांनी भुवया उंचावल्या. "आमच्या प्रयोगशाळेत असंच करतात. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"ओली चादर वाळली की हलकी होते, हे शिकवायला लागतं होय?"

पाहुणे हसले. "बरं. संध्याकाळपर्यंत आहे मी."

"आणि आधीच सांगून ठेवते," मावशी म्हणाल्या. "साडेसहा निघेल. दाणा इकडे तिकडे."

ताईंनी तो आकडा कागदावर लिहिला, खाली मावशींचा अंगठा घेतला आणि कागद पाहुण्यांच्या खिशात ठेवायला दिला.

दहा वाजता दाणे भट्टीत गेले. आता दिवसभर करायचं काय? पाहुणे बायांच्या रांगेत पाटावर बसले आणि दाणे निवडू लागले. चांगला दाणा उजव्या टोपलीत, काळा किंवा सुरकुतलेला डाव्या. थोड्याच वेळात सून म्हणाली, "पाहुणे, तुमच्या उजव्या टोपलीत काळा गेला."

"कुठे? मला तर दिसला नाही."

"मलाही नाही दिसला. ऐकू आला. किडका दाणा पडताना पोकळ वाजतो."

पाहुण्यांनी टोपली उपसली. दाणा सापडला. त्यांनी तो बराच वेळ बोटांत धरून फिरवला, मग खिशात टाकला. त्यानंतर ते कमी बोलले आणि जास्त बघू लागले.

बारा वाजता वजन झालं. हजार ग्रॅमचे नऊशे पंचावन्न. दीर म्हणाले, "अजून उतरेल." दोन वाजता नऊशे एकेचाळीस. "उतरतंय," दीर म्हणाले, पण आवाज उतरला होता त्यांचाच.

तेवढ्यात ड्रायव्हरदादा चहा घेऊन आले. चटईवर मी एकटाच पडलो होतो. त्यांना माझी दया आली असावी. "काय साहेब, आज रुसलात?" म्हणत त्यांनी मला उचललं. "सकाळी एवढं घासलं तुम्हाला. तो लाल डाग तर निघता निघत नव्हता."

ताईंच्या हातातला कप तसाच राहिला. "कुठला लाल डाग, दादा?"

"हा, इथला. खुंटी पण वाकडी होती, ती सरळ..." दादांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. ताईंचा चेहरा पाहून त्यांना सगळं कळलं. बिचाऱ्यांचे डोळे भरून आले.

ताईंनी खुंटी फिरवायला हात घातला, तोच मावशींनी त्यांचं मनगट धरलं. "आता नाही. आधी वजन होऊ द्या. नाहीतर लोक म्हणतील, आकडा नाही पटला म्हणून खुंटी पिळली."

काय शहाणपण ते! मी मनातल्या मनात त्या बाईला वाकून नमस्कार केला.

चार वाजता बेकरीवाले स्वतः ताट घेऊन आले. नऊशे पस्तीस. अर्ध्या तासाने पुन्हा तोलले. नऊशे पस्तीसच. वजन थांबलं होतं. हजारातून पासष्ट ग्रॅम पाणी उडालं होतं, म्हणजे शेकड्याला साडेसहा.

पाहुण्यांनी खिशातला कागद काढून उलगडला. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आता याला बोलू द्या."

ताईंनी मक्यापासून सहावी खूण मोजून खुंटी शेंगदाण्यावर आणली, त्याच पोत्यातले दाणे वाटीत घातले आणि बटण दाबलं. मित्रांनो, आयुष्यात एवढ्या जिवाच्या आकांताने मी काटा कधी हलवला नव्हता. सहा ओलांडला, थोडा थरथरला आणि साडेसहावर असा ठाम उभा राहिला की जणू खिळा ठोकला. दाढ, भट्टी आणि मी, तिघांचं एकमत झालं.

शेडमध्ये जो गलका उठला त्याने पत्रे हादरले. सुनेने रिकामं पिंपच ढोलासारखं बडवलं. पाहुण्यांनी मावशींपुढे हात जोडले. "भागीदारी पक्की. पण माझीही एक अट. माल तपासायला मला तुमचे दात हवेत."

"दात नाही द्यायची," मावशी म्हणाल्या. "तुमची माणसं पाठवा. शिकवीन."

दीर अजून खांबालाच टेकून होते. मावशी त्यांना म्हणाल्या, "भावजी, त्या विटा आणाच. गोदाम बांधायचंय."

त्याच विटांच्या गोदामापासून हा कारखाना वाढला. चाळीस बायांच्या तीनशे झाल्या. बिस्किटवाल्यांची माणसं खरोखरच येऊन मावशींपुढे पाटावर बसली आणि दाढेखाली दाणे धरायला शिकली. संस्थेनेही आपला रिवाज बदलला. मला बाहेर काढायच्या आधी ताई तिथल्या जाणत्या माणसाला विचारू लागल्या, "तुम्हाला काय वाटतं?" तो आकडा आधी लिहायचा, मगच बटण दाबायचं. दोघांचं जुळलं नाही तर खुंटी तपासायची. या रीतीने पुढे कितीतरी धंदे उभे राहिले आणि त्यातला एकही आकड्याच्या वादावरून मोडला नाही.

मग आकडे उजळून दाखवणारे नवे मीटर आले. मला एका खोक्यात, मोडक्या छत्र्यांच्या सोबतीला ठेवलं. काही वर्षं मी अंधारात काढली. दुःख झालं, नाही म्हणत नाही. पण ज्याने एकदा असा दिवस पाहिला त्याला अंधार फार छळत नाही. एके दिवशी खोकं उघडलं. समोर सून होती. आता तीच कारखाना चालवते. तिच्यामागे ड्रायव्हरदादा उभे होते, केस पांढरे, हातात लाल रंगाची इवलीशी बाटली. त्यांनी जपून ठिपका दिला, जिथल्या तिथे. फुंकर घालून वाळवला. मग दोघांनी मला या कपाटात आणून बसवलं.

दर हंगामाचं पहिलं पोतं आलं की सून कपाट उघडते. म्हाताऱ्या मावशी खुर्चीत बसून पहिला दाणा दाढेखाली धरतात आणि आकडा सांगतात. मग सून मला विचारते. आमचं अजून एकदाही बिनसलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी जुनी अवजारं असतील. ती अडगळीत टाकू नका. त्यांना पुसा, तेल द्या, ऊन दाखवा. पण त्यांच्या अंगावर एखादा डाग दिसला, एखादी खुंटी वाकडी दिसली, तर ज्याने ते अवजार वापरलं त्याला आधी विचारा. मला खुशाल घासा, हवा तेवढा लख्ख करा. फक्त तेवढा लाल ठिपका पुसू नका.